आठ जीबीच्या लॅपटॉपवर अख्खा ऊस कारखाना

हे प्रकरण बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. मी तिथंच काम करतो, त्यामुळं तटस्थपणाचा दावा करत नाही. गिऱ्हाईक म्हणजे चिकोडी भागातला एक साखर कारखाना. त्याच्या गाळपाला कर्नाटकातला ऊस येतो, तसा सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावांतूनही येतो. शेतकऱ्याची ऊस नोंद, तोडणीचा कार्यक्रम, टोळ्या आणि वाहनं, काट्यावरचं वजन, बिल, बँकेची यादी, एसएमएस, पावती या सगळ्याचा एक प्लॅटफॉर्म आम्ही सांभाळतो. त्यात अकरा सेवा आहेत. चार जाव्हात, पाच नोडमध्ये, दोन पायथनमध्ये. का, तर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या म्हणून. त्यामागं दुसरं कुठलंही थोर तत्त्व नाही. त्यांच्या जोडीला पोस्टग्रेस हा डेटाबेस, झटपट साठवणीसाठी रेडिस आणि सेवांमधले निरोप पोचवणारा रॅबिट-एमक्यू.

काम हंगामी आहे. गाळप सुरू झालं की कुणी कोडला हात लावत नाही. बदल काय ते पावसाळ्यात. आणि पावसाळ्यातच आमची गाडी अडायची. सगळे जण ऑफिसातल्या एकाच डेव्हलपमेंट सर्व्हरवर काम करत. डेटाबेस एकच. एकानं टेबल बदललं की बाकीच्यांचं काम ठप्प. खानापूरकडची एक सहकारी घरून काम करते. तिकडं पाऊस लागला की वीज आणि नेटवर्क यांतलं एकच काहीतरी असतं, कधी दोन्ही नसतात. सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही तर तिचा दिवस वाया जायचा. म्हणून ठरलं, की प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा प्लॅटफॉर्म कंटेनरमध्ये (सेवा तिच्या सगळ्या सामानासह चालवणाऱ्या डब्यांत) चालला पाहिजे, इंटरनेट नसलं तरी.

अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचा विषय पहिल्याच बैठकीत निघाला. तो प्रत्येक बैठकीत निघतो. पण आमचं प्रॉडक्शन दोन व्हर्च्युअल मशीनवर साध्या डॉकर कंपोजवर चालतं (डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारं साधन). प्रॉडक्शनला जे नाही ते लॅपटॉपवर आणून शिकत बसण्यात हशील नव्हतं. कंपोज या कामासाठी पुरेसं आहे. २०१४ च्या सुमारास फिग नावानं आलेलं हे साधन मुळात एका मशीनवर अनेक कंटेनर एका फाइलीतून उठवण्यासाठीच होतं. फक्त त्याची दुसरी आवृत्ती वापरायची. पायथनमध्ये लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीचा आधार २०२३ मध्ये थांबला, तरी जुन्या कागदपत्रांत मधल्या आडव्या रेघेची जुनी कमांड अजून सापडते आणि नवी मुलं तीच चिकटवतात.

मेमरीचा हिशेब

प्रॉडक्शनची कंपोज फाइल जशीच्या तशी लॅपटॉपवर चालवून बघितली. आमचे बहुतेक लॅपटॉप आठ जीबीचे, विंडोज असलेले. थोड्या वेळानं पंखा घोंगावायला लागला, मग एकेक सेवा मरू लागली. मरताना प्रत्येकीचा निरोप एकच: एक्झिट कोड १३७. हा १२८ अधिक ९ असा आकडा आहे. ९ म्हणजे सक्तीनं ठार करण्याचा सिग्नल, इथं तो कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) आलेला. बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून.

खरी गंमत का संपली यात आहे. विंडोजवर डॉकर डब्ल्यूएसएल-२ मध्ये (विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये) चालतो, आणि काही सांगितलं नसेल तर डब्ल्यूएसएल मशीनच्या निम्मी मेमरी घेतं. म्हणजे चार जीबी. जाव्हाला काही सांगितलं नसेल तर तो दिसणाऱ्या मेमरीच्या पाव भागाइतका हीप (प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी) कमाल धरतो. कंटेनरला मर्यादा घातलेली नसली तर त्याला दिसते ती अख्खी चार जीबी. त्यामुळं चारही जाव्हा सेवा आपापल्या परीनं शिस्तीत वागून एकेक जीबीवर हक्क सांगत होत्या. चार एके चार, संपलं. पोस्टग्रेसला उरतं काय? प्रत्येक सेवा वेगळी तपासली तर कुणाचीच चूक नाही. चौघी एकत्र आल्या की घर बुडतं.

डब्ल्यूएसएलला पाच जीबी दिले, प्रत्येक जाव्हा कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा घातली, आणि हीपची टक्केवारी पंचवीसवरून साठ केली. शंभर नव्हे. हीपच्या बाहेरही जाव्हाला मेटास्पेस, थ्रेड, बफर लागतात आणि तीही मर्यादेतच मोजली जातात. एवढ्यानं मरणं थांबलं, पण लॅपटॉपवर ब्राउझर आणि एडिटर उघडायला जागा हवी होती. म्हणून कंपोजची प्रोफाइलची सोय वापरली. डेटाबेस, लॉगिन आणि गेटवे कायम उठतात. "काटा" प्रोफाइल दिलं की वजनाच्या सेवा उठतात, "बिल" दिलं की बिलाच्या. बिलाच्या पानावर काम करणाऱ्याला तोडणीचं वेळापत्रक चालू लागत नाही. सगळं एकदम उठवायची गरज आठवड्यातून क्वचित पडते, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

सगळं हिरवं, तरी बंद

दुसरी अडचण जास्त चिवट होती. नवा माणूस पहिल्यांदा प्लॅटफॉर्म उठवतो तेव्हा निम्म्या सेवा पडायच्या, "कनेक्शन नाकारलं" म्हणत. तोच माणूस लगेच पुन्हा उठवायचा तर सगळं ठीक. निपाणीचा एक मुलगा नुकताच लागला होता, तो म्हणाला, "सर, डेटाबेस हेल्दी दाखवूलालंय, तरी लॉगिन होईना." त्याचं बरोबर होतं. फाइलीत क्रम लिहिलेला होता, डेटाबेस हेल्दी झाल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचं नाही अशी अटही होती, आणि डेटाबेस खरोखरच हेल्दी दाखवत होता.

पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनर ज्यातून उठतो तो तयार साचा) पहिल्यांदा उठते तेव्हा डेटाची जागा रिकामी असते. मग ती एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, सुरुवातीच्या स्क्रिप्ट त्यावर चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर उठवते. तात्पुरता सर्व्हर फक्त आतल्या युनिक्स सॉकेटवर ऐकतो, नेटवर्कवर नाही. आमची आरोग्य तपासणी म्हणजे नुसतं पीजी-इज-रेडी. ते होस्ट सांगितला नाही तर सॉकेटवरच विचारतं. त्याला तात्पुरत्या सर्व्हरकडून "हो, तयार" असं उत्तर मिळायचं, आणि बाकीच्या सेवा नेटवर्कवरून दार ठोठावायच्या तर आत कुणीच नाही. आमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये गावं, सभासद, जमिनी असा बराच नमुना डेटा भरला जातो, म्हणून ही फट चांगली मोठी होती. दुसऱ्या वेळी डेटाची जागा भरलेली, स्क्रिप्ट चालतच नाहीत, फट नाही.

उपाय एका ओळीचा: तपासणीत होस्ट म्हणून १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच नेटवर्क पत्ता) सांगायचा, म्हणजे ती नेटवर्कवरूनच विचारते. पण माझं मत असं की एवढ्यावर थांबणं धोक्याचं. प्रत्येक सेवेनं डेटाबेस सापडला नाही तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायलाच हवा. हंगामात रात्री दोनला प्रॉडक्शनचा डेटाबेस पुन्हा उठला, तर तिथं कंपोजचा क्रम कुणाच्या मदतीला येणार? अकरापैकी तीन सेवांत ही समज नव्हती. लॅपटॉपवरच्या त्रासामुळं ती घातली गेली.

याच सुमारास विंडोजच्या ओळशेवटांचा जुना रोगही निघाला. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीची न दिसणारी खूण ठेवतं, त्यामुळं स्क्रिप्ट समोर दिसते आणि कंटेनर म्हणतो फाइलच नाही. गिटला सगळ्या शेल स्क्रिप्ट युनिक्स ओळशेवटांनीच ठेवायला सांगितलं आणि तो विषय मिटला.

काय खरं, काय नकली

लोकल सेटअप म्हणजे प्रॉडक्शनची छोटी झेरॉक्स, असं बरेच जण धरून चालतात. आम्ही तसं धरलं नाही. प्रत्येक भागासाठी विचारलं: हा खरा हवा की नकली चालेल? माझ्या मते या कामातला हाच एक महत्त्वाचा निर्णय होता, बाकी सगळी प्लंबिंग. आमचा डेटा आणि आमचे नियम जिथं राहतात ते खरं ठेवलं: तोच पोस्टग्रेस, त्याच आवृत्तीचा, तोच रॅबिट-एमक्यू. जे कुंपणाबाहेरचं आहे ते नकली: वजनकाटा, एसएमएस, बँक.

वजनकाट्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. खऱ्या काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून सारखं वजन ओरडत असतो. एक कन्व्हर्टर ते नेटवर्कवर आणतो आणि आमची सेवा ते ओढून घेते. नकली काटा म्हणजे पायथनचा एक छोटा कंटेनर, त्याच पोर्टवर तशाच ओळी फेकणारा. पहिली आवृत्ती फार सज्जन होती. ट्रॅक्टर आला, वजन आलं, स्थिर झालं, गेला. असा काटा जगात कुठं नसतो. काटा क्लार्कशी फोनवर बोललो तेव्हा त्यानं भडाभडा सांगितलं: "साहेब, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुरा काट्यावर बसत नाही, मागचं चाक बाहेर राहतंय. डायव्हर उतरत नाही. पाऊस पडला की आकडा नाचतोय." मग नकली काट्याला हे सगळं शिकवलं. आकडा हलत राहणं, अर्धी ओळ येणं, मध्येच गप्प होणं, स्थिर म्हणून खूण आल्यावर पुन्हा हलणं, भरलेलं वजन झालं पण रिकामं वजन करायला वाहन आलंच नाही. नकली काटा खऱ्यापेक्षा वाईट वागला पाहिजे, नाहीतर तो ठेवून फायदा काय?

एसएमएसची नकली सेवा काहीच पाठवत नाही, एका पानावर दाखवते. पण त्या पानावर प्रत्येक निरोपाशेजारी तो किती तुकड्यांत जाईल तेही छापतं. कन्नड किंवा मराठी निरोप युनिकोडमध्ये जातो, तिथं एका एसएमएसला ७० अक्षरंच मिळतात. त्याहून मोठा झाला की प्रत्येक तुकडा ६७ अक्षरांचा. इंग्रजीतली १६० ची चैन इथं नाही. वजनाचा निरोप आधी तीन तुकड्यांत जात होता, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. गावाचं नाव आणि कारखान्याचं पूर्ण नाव काढल्यावर तो दोनात बसला. गाळपात दर खेपेला एक निरोप जातो, तेव्हा हा फरक बिलात दिसतो.

नमुना डेटा प्रॉडक्शनमधून उचलायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. त्यात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि आधार असतात. ते एखाद्याच्या लॅपटॉपवर, पाठपिशवीतून एसटीत, असं फिरणं बरं नव्हे. म्हणून काल्पनिक गावं आणि काल्पनिक शेतकरी तयार केले, पण खऱ्या खाचाखोचांसह. इथं सीमाभाग उपयोगी पडला. एकाच शेतकऱ्याची काही जमीन इकडं, काही तिकडं. इकडच्या जमिनीला पहाणीचा उतारा आणि सर्वे नंबर. तिकडच्याला सातबारा आणि गट नंबर. पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यात येतं, सातबाऱ्यात हेक्टर-आरमध्ये. "१-२०" म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकरात चाळीस गुंठे. "१.२०" म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. जुन्या नोंदणी पानावर दोन्हींसाठी एकच रकाना होता. नमुना डेटात असा एक शेतकरी ठेवल्याबरोबर ते पान दुरुस्त करायला घ्यावं लागलं, कारण त्याच्या उसाचा अंदाज कुणालाही हसू येईल असा निघत होता.

काळे, कावळे आणि क्षीरसागर

हे प्रकरण मला स्वतःला आवडतं. काट्यावरच्या क्लार्ककडं गावनिहाय छापील यादी असते. तीत नावं मराठी वर्णक्रमानं लागतात, कारण तो डोळ्यानं शोधतो. प्रॉडक्शनला ती नीट लागायची. लॅपटॉपवर यादीची चाचणी पडायची.

लॅपटॉपवर पोस्टग्रेसची अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची इमेज घेतलेली होती, लहान म्हणून. अल्पाइनमध्ये मसल नावाची सी लायब्ररी असते, आणि तिला भाषेचा वर्णक्रम माहीतच नाही. ती बाइटच्या क्रमानं लावते, म्हणजे युनिकोडच्या तक्त्यातल्या क्रमानं. त्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळं काळे आधी, कावळे नंतर. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. तिथं कावळे आधी आणि काळे नंतर. क्षीरसागर तर कोळी आणि खोत यांच्यामध्ये जाऊन बसले होते, कारण संगणकाला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. आपल्या यादीत क्ष शेवटी, होनगेकरांच्याही खाली. प्रॉडक्शनचा डेटाबेस तयार करतानाच कुणीतरी शहाण्यानं आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा मराठी वर्णक्रम सांगितला होता, आणि ती गोष्ट कुठं लिहून ठेवली नव्हती.

लॅपटॉपवर डेबियन या दुसऱ्या लिनक्सची इमेज घेतली आणि डेटाबेस तयार होताना वर्णक्रमाचा तोच पर्याय दिला. पोस्टग्रेस १५ पासून हे डेटाबेस उभारतानाच सांगता येतं. मेख एवढीच, की हा पर्यायही डेटाची जागा रिकामी असतानाच लागू होतो. चार जणांनी फाइल बदलली आणि "काही फरक नाही" म्हणून कळवलं. जुना व्हॉल्यूम, म्हणजे ती डेटाची जागा, पुसल्यावर फरक पडला. कन्नड नावांची यादी डेटाबेसला विचारलेल्या वेगळ्या प्रश्नात (क्वेरीत) कन्नड वर्णक्रमानं लावतो, तिथं तो क्वेरीतच सांगितला आहे. मला वाटतं मराठीचंही तसंच करायला हवं होतं. डेटाबेसच्या मूळ स्वभावावर विसंबलं की तो स्वभाव कुठंतरी बदलतोच.

पावतीचं याचंच धाकटं भावंड. पावती सेवा आतापर्यंत मुलं थेट विंडोजवर चालवत, आणि तिथं देवनागरी-कन्नड दोन्हींसाठी निर्मला नावाचा फॉण्ट आयता असतो. कंटेनरमध्ये गेल्यावर पावतीवर नुसते चौकोन. डेबियनच्या सडपातळ इमेजमध्ये एकही फॉण्ट नसतो. नोटो आणि लोहित बसवले. मग कन्नड जोडाक्षरांतली ओत्तक्षरं अक्षराच्या खाली जायच्या ऐवजी शेजारी पडायला लागली, कारण पीडीएफची जुनी लायब्ररी अक्षरं जुळवतच नव्हती. ती बदलली, आता आकार जुळवायचं काम हार्फबझ करतो.

साडेपाच ते सहा

कंटेनरचं घड्याळ काही सांगितलं नाही तर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. या कारखान्याचा गाळप दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी सहाच्या पाळीला बदलतो. आणि यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडं सकाळी साडेपाचला होते. एका सेवेतलं कोड गाळप तारीख म्हणून सरळ आजची तारीख घेत होतं, कंटेनरच्या घड्याळावरून. ते चोवीस तासांपैकी साडेतेवीस तास बरोबर उत्तर देत होतं, निव्वळ योगायोगानं. दिवसा तपासा, रात्री तपासा, ठीकच. चुकायचं फक्त साडेपाच ते सहा या वेळेत, तेव्हाची खेप दुसऱ्या दिवशीच्या गाळपात जमा व्हायची.

एका दिवसाचा फरक म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरली. पूर्ण ट्रॉल्यांच्या खेपेची रक्कम लहान नसते. तारीख ही हिशेबाची सुरुवात आहे. कंटेनरला भारतीय वेळ देऊन हे सुटलं नसतं, उलट चूक सहा तासांची झाली असती. गाळप तारीख काढण्याचं काम एकाच ठिकाणी आणलं, वेळ टाइमझोनसकट साठवली, आणि नकली काट्यात पावणेसहाची एक खेप कायमची बसवून टाकली. ती रोज येते.

कारखान्याचा व्हीपीएन

कारखान्याच्या जुन्या प्रणालीतून अधूनमधून सभासद यादीची रचना ताडून बघावी लागते, त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कात बाहेरून शिरायची सुरक्षित वाट. तो जोडला की काही लॅपटॉपवर एक चमत्कार: ब्राउझरमधून जुनी प्रणाली उघडते, कंटेनरमधून नाही. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. असा काहींच्याच मशीनवरचा दोष म्हणजे वाद ठरलेला. सुरुवातीला अँटिव्हायरसवर खापर फुटलं.

डॉकर नेटवर्कसाठी पत्त्यांचे १७२.१७ पासूनचे पट्टे ओळीनं वापरतो, आणि कंपोज प्रत्येक प्रकल्पाला नवं नेटवर्क देतं. ज्याच्याकडं दुसरे प्रकल्प जास्त, त्याच्या आमच्या प्लॅटफॉर्मला पुढचा पट्टा. कारखान्याचं आतलं नेटवर्क त्यातल्याच एका पट्ट्यात होतं. ज्याचा पट्टा जुळला त्याच्या कंटेनरला कारखान्याचा पत्ता आपल्याच अंगणातला वाटायचा, आणि पाकीट बाहेरच पडायचं नाही. डॉकरच्या सेटिंगमध्ये पट्टे बदलून १० च्या मालिकेत नेले. अँटिव्हायरस निर्दोष सुटला.

इमेज कुठून आणायच्या

डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक कोठारानं २०२० च्या नोव्हेंबरपासून लॉगिन न करता ओढणाऱ्यांना एका आयपीमागं ६ तासांत १०० ची मर्यादा घातली. अख्खं ऑफिस एकाच आयपीमागं असतं. नव्या आवृत्तीच्या दिवशी सगळे एकदम उठले की मर्यादा संपायची आणि शेवटचा माणूस अडकायचा. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर रजिस्ट्रीची (अशा कोठाराची) इमेज कॅश म्हणून चालवली. डॉकरला मिरर म्हणून तिचा पत्ता दिला. एकानं ओढलं की दुसऱ्याला ते ऑफिसातूनच मिळतं. हा मिरर फक्त डॉकर हबसाठी चालतो, दुसऱ्या रजिस्ट्रींसाठी नाही, पण आमच्या मूळ इमेज सगळ्या तिथल्याच.

खानापूरच्या सहकारीसाठी मात्र पेनड्राइव्हच. इमेज एका फाइलीत साठवायच्या आणि तिकडं उघडायच्या. ती आठवड्यातून एकदा ऑफिसला येते तेव्हा नेते. सोबत डॉकरफाइलींत (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलींत) क्रम सुधारला: आधी नुसती पॅकेजची यादी आत घ्यायची, ती बसवायची, आणि मग कोड. आधी सगळं कोड एकदम घेतलं जायचं, त्यामुळं एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेजं पुन्हा इंटरनेटवरून. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते बघत बसणं म्हणजे छळ होता. तिनंच पहिल्यांदा तक्रार केली आणि क्रमही तिनंच बदलून पाठवला.

लॉगची गोष्ट थोडक्यात: डॉकरच्या नेहमीच्या लॉगला आकाराची मर्यादा नसते. नकली काटा सेकंदाला कित्येक ओळी फेकतो. डिस्क भरली, मर्यादा घातली.

जे लॅपटॉपवर आणलं नाही

रिपोर्ट सेवा लॅपटॉपवर नाही. ती हंगामभराचा डेटा ओढते. नमुना डेटावर तिचे आकडे बरोबर आले तरी वेग कळत नाही, आणि वेग हाच तिचा प्रश्न आहे. ती ऑफिसच्या सर्व्हरवरच तपासतो. भाराची चाचणीही तशीच. पाच जीबीच्या कुंपणात काट्यांवर रांग लागल्यावर काय होतं ते मोजून मिळणारा आकडा फसवाच असेल. बँकेची फाइल फक्त तयार होते, पुढं जात नाही. यावर टीममध्ये अजून मतभेद आहेत. दोघांना बँकेकडून येणारं नाकारण्याचं उत्तरही नकली सेवेत हवं आहे: खातं बंद, नाव जुळत नाही, वगैरे. मला ते पटतं, पण नाकारण्याचे खरे नमुने हाती आल्याशिवाय कल्पनेनं लिहिण्यात अर्थ नाही.

डेव्हलपमेंट सर्व्हर अजून चालू आहे, पण त्यावर आता कुणी टेबल बदलत नाही. तो आठवड्याची आवृत्ती कारखान्याच्या माणसांना दाखवायला उरला आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी सांगतो: डब्ल्यूएसएलची मेमरी, डॉकरचे पट्टे, आणि व्हॉल्यूम पुसायची कमांड कधी वापरायची. ती तिसरी कमांड मुद्दाम सांगतो, कारण इंटरनेटवरच्या प्रत्येक उत्तरात ती "हे करून बघा" म्हणून असते आणि तिच्याबरोबर दोन दिवस हातानं भरलेला चाचणी डेटाही जातो.

येत्या गाळपाच्या आधी कारखाना एका काट्याचा इंडिकेटर बदलणार आहे. नव्या इंडिकेटरची ओळ वेगळी असेल. मॅन्युअल आलं आहे, पण त्यावरून नकली काटा लिहायचा नाही असं ठरलं आहे. काटा बसल्यावर क्लार्कच्या संगणकावरून दिवसभराचा कच्चा लॉग घ्यायचा, त्यात रिकामा काटा, भरलेला ट्रॅक्टर आणि बैलगाडी तिन्ही असल्याची खात्री करायची, आणि मग नकली काट्यात नवा प्रकार घालायचा.